बेचाळीस प्रश्न आणि एक गोल शिक्का

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला कोल्हापुरात लोक पहिला प्रश्न विचारतात, "काय आणलं?" दुसरा विचारतात, "तिथं मटण बरं मिळतं का?" मला आमच्या प्राचार्यांनी तिसराच विचारला. "सर, विभागाचा शिक्का कुठाय?"

त्यांना दारात उभ्या उभ्या उत्तर देता येईना, म्हणून हे सगळं लिहायला बसलोय. ज्यांना अमेरिकेचे धबधबे, उंच इमारती वगैरे वाचायचं असेल त्यांनी इथंच थांबावं. मी तीन आठवड्यांत यातलं काहीही पाहिलं नाही. मी दोन बिऱ्हाडं पाहिली, मिरचीचं एक रान पाहिलं आणि एक सोफा उचलला.

झालं असं की माझा पुतण्या शशी कॅलिफोर्नियात फ्रेस्नो नावाच्या गावी इंजिनियर आहे. त्यानं पत्रात सहज लिहिलं होतं, "आमच्या समोरच्या चाळीत लाओसहून आलेलं एक कुटुंब राहतं आणि डाव्या हाताला मलेशियाचं." एवढ्या एका वाक्यावर मी गावातल्या व्याख्यानमालेत स्वतःचं नाव देऊन बसलो. विषय: 'लाओस आणि मलेशिया येथील स्थलांतरितांची आर्थिक स्थिती: एक तौलनिक अभ्यास'. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला दोन घरांवरून दोन समाज ओळखता येतात, अशी माझी त्या वेळी समजूत होती. लाओस नेमका कुठं, हे पाहायला कॉलेजातला नकाशा उघडला, तर घडी पडून पडून तो बरोबर त्याच जागी फाटलेला. हा संकेत मी ओळखायला हवा होता.

संकेत ओळखायचं सोडून मी प्रश्नावली केली. बेचाळीस प्रश्नांची. नव्यानं करायला वेळ नव्हता, म्हणून कागल तालुक्यातल्या खेड्यांची आमची जुनी पाहणी होती, तीच थोडी इकडंतिकडं करून इंग्रजीत आणली आणि राजारामपुरीत सायक्लोस्टाईल करून घेतली. वर प्रत्येक कागदावर विभागाचा गोल शिक्का मारला, जांभळ्या शाईत. आपल्याकडं शिक्का नसलेल्या कागदाला कुणी चहासुद्धा विचारत नाही. आणि ऐन वेळी एखादा शिक्का पुसट निघाला तर पंचाईत नको, म्हणून लाकडी मुठीचा तो शिक्का आणि स्टॅम्प पॅडही बॅगेत टाकलं. हेडक्लार्क म्हणाले, "सर, शिक्का हापिसाभायेर न्हाय जाऊ द्यायचा." मी म्हटलं, "तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

अमेरिकेच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं माझी बॅग उघडली. कांदा-लसूण मसाल्याच्या पुडीचा वास घेतला, चार वेळा शिंकला आणि पुडी जप्त केली. शिक्का उलटासुलटा पाहिला आणि परत दिला. त्यानं बरोबर उलट केलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

समोरची चाळ

फ्रेस्नो सपाट गाव आहे. कालवे, द्राक्षाचे मळे आणि दिवाळीच्या दिवसांतही आपल्या एप्रिलसारखं ऊन. रस्ते इतके रुंद, की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ती वाटेतच विरते. पण हाक मारायला माणूसच नाही! सगळे गाडीत. मी पायी निघालो की लोक गाडी हळू करून माझ्याकडं दयेनं बघायचे. एकानं तर थांबून विचारलं, गाडी बंद पडली का? मी म्हटलं, गाडी नाहीच. तो अधिकच हळहळला.

दुसऱ्याच दिवशी मी बंद गळ्याचा कोट चढवला. शशीची बायको नंदा गडहिंग्लजची. बोलणं तिकडचंच, तिखट आणि थोडकं. ती म्हणाली, "काका, कोट काढा. नुसतं जाऊन बसा, चहा प्या, गप्पा मारा. कागद चार दिवसांनी न्या."

"अगं, संशोधन आहे हे. हळदीकुंकू नव्हे."

"मग जावा," ती म्हणाली.

समोरच्या घरात दारातच चपलांचा ढीग होता. ते पाहून बरं वाटलं. आत चटई. घरात म्हातारी, तिचा मुलगा, सून नोय आणि त्यांची मुलं. मुलगा कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला, त्यामुळं तो आत झोपलेला. नोय निर्वासितांच्या छावणीत इंग्रजी शिकली होती, त्यामुळं दुभाषीपण तिच्याकडं. म्हातारी एवढीशी, सुरकुतलेली, पण बसायची ताठ. नंदा तिला आपल्या माहेरच्या पद्धतीनं 'अज्जी' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो.

दोघींनी हात जोडून नमस्कार केला. आपल्यासारखाच. मीही केला, आणि मग माझ्या बुद्धीनं दगा दिला. वरचा कागद जरा पुसट दिसला म्हणून मी बॅगेतून स्टॅम्प पॅड काढलं, शिक्का शाईवर दाबला आणि त्यांच्यासमोर चटईवर कागद ठेवून 'धप्प' करून मारला.

घर गप्प झालं. आत भांड्यांचा आवाज येत होता तोसुद्धा थांबला. याला मी विद्वत्तेचा प्रभाव समजलो.

"शेती करता?" नोयनं विचारून सांगितलं, नाही. "काही विकता?" नाही. "शिवणकाम?" नाही. "नातेवाईक मदत करतात?" नातेवाईक नाहीत. सगळ्याला नाही! स्वयंपाकघरातून भाजलेल्या मिरचीचा असा काही खकाणा येत होता की मला ठसका लागला, आणि डोळे पुसत पुसत मी लिहिलं, 'उत्पन्नाचे साधन: काहीही नाही'.

एकतिसाव्या प्रश्नाला मीच चपापलो. कागल तालुक्यातला तो प्रश्न काढायचा राहूनच गेला होता: 'घरी बैल किती?' पण छापलंय म्हणजे विचारलं पाहिजे. विचारला. नोयनं तो कसाबसा सांगितला. इतका वेळ खाली बघणाऱ्या अज्जीनं पहिल्यांदा मान वर केली. ती काहीतरी म्हणाली.

"होते," नोय म्हणाली. "दोन."

मी रकान्यात शून्य लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडं वळलो.

डावीकडचं घर

मलेशियाच्या सेल्वमकडं तीन दिवसांनी गेलो. आजोबा तामिळनाडूतून रबराच्या मळ्यावर मजूर म्हणून गेलेले, बाप शाळामास्तर, हा इथं नकाशे काढणारा इंजिनियर. बायको सुट्टीसाठी माहेरी गेलेली. घर केवढं! पाय रुतेल असा गालिचा, कपाटाएवढा टीव्ही आणि मऊ सोफा. मी त्याला म्हटलं, "म्हणजे तू आपलाच की!"

"मी मलेशियाचा," तो म्हणाला.

"पण मूळचा आपला."

"तुम्ही कोल्हापूरचे ना? मग मूळचे कुठले?" त्यानं विचारलं. मी घाईघाईनं प्रश्नावली काढली.

हा माणूस मात्र एकाही प्रश्नाला नाही म्हणेना. दोन गाड्या, टीव्ही दोन, शिल्लक भरपूर, भवितव्य उत्तम. बैलांच्या प्रश्नाला खदखदून हसला. चिंच घातलेलं माशाचं कालवण आणि पदर सुटणारे पातळ पराठे त्यानं स्वतः केले होते. मी इतका जेवलो की अर्थशास्त्र विसरलो.

तेवढ्यात दार वाजलं. दोन धिप्पाड माणसं आत आली, कागद दाखवला आणि सोफ्याला हात घातला. आपण कोल्हापूरची माणसं. ओळखीच्या घरी सामान उचललं जातंय आणि आपण हात बांधून उभे, हे कसं जमेल? मी पटकन उठलो, कोटाच्या बाह्या वर केल्या आणि सोफ्याचं एक टोक धरलं. "जिना आहे, जपून!" असंही ओरडलो. ट्रकपर्यंत पोचवला. परत आल्यावर हात झाडत सेल्वमला विचारलं, "नवीन कधी येतोय?"

तो गालिच्यावर बसला होता. "येत नाही," तो म्हणाला. "भाड्याचा होता. भाडं थकलंय."

नको त्या घरात मदतीला धावलो होतो. मीही मुकाट्यानं गालिच्यावर टेकलो. मग त्यानं सगळं सांगितलं. त्याची कंपनी बंद पडत होती आणि नोकरी गेली की इथं राहायची परवानगीही जाणार होती. दुसरीकडं लागायचं तर अनुभवाचा दाखला हवा, आणि दोन वर्षं कमी पडत होती. एवढं बोलून त्यानं माझी प्रश्नावली हातात घेतली आणि शिक्क्यावरून अलगद बोट फिरवलं.

"प्रोफेसर, तुमच्या कॉलेजात मी दोन वर्षं शिकवलं असं लिहून द्याल? एक कागद. हा शिक्का."

पोटात त्याचंच कालवण होतं. 'नाही' म्हणायला तोंड उघडेना. "बघतो," असं म्हणून मी घरी पळालो. आपल्याकडं 'बघतो' म्हणजे नाही. त्याच्या लेखी ते होकाराचं निघालं. रोज संध्याकाळी तो कुंपणाशी येऊन उभा राहू लागला.

शनिवारचा बाजार

शनिवारी नंदा बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत आली. पिशवी तिनं माझ्यासमोर टेबलावर टाकली.

"अज्जी आल्या न्हाईत आज. मिरच्या न्हाईत, काई न्हाई."

"अज्जी बाजारात कशाला येतील? त्यांना तर उत्पन्नाचं साधनच..."

"काका, गावाबाहेर त्यांचं अर्ध्या एकराचं मिरचीचं रान हाय! भाड्यानं घेतलंय. दर शनिवारी त्यांच्याकडनंच मी मिरच्या घेते. नोय भेटली. म्हणाली, शिक्क्याचा साहेब येऊन गेला."

मग उलगडा झाला. या लोकांना सरकारकडून थोडी मदत मिळे. बाहेरची कमाई दिसली की ती कापतात, हा त्यांचा धसका. त्याआधी काही वर्षं छावणीत काढलेली. तिथं ज्याच्या कागदावर गोल शिक्का तो पुढं जाणार, ज्याच्या कागदावर नाही तो राहणार. मी गोल शिक्का, जांभळी शाई आणि त्यांना वाचता न येणारी अक्षरं घेऊन, बंद गळ्याचा कोट घालून गेलो होतो! आठवडाभर अज्जीनं रानात पाऊल टाकलं नव्हतं. लाल झालेली मिरची झाडावर सुकत होती, आणि दुसऱ्या राज्यात कुणी भाऊबंद होता, त्याच्याकडं निघून जायचं म्हणून बोचकी बांधायला सुरुवात झाली होती.

शशी एरवी इंग्रजी वळणाचं मराठी बोलतो. त्या दिवशी त्याचं कोल्हापूर बाहेर पडलं. "काका, काय करून ठेवलासा हे! तुमास्नी कुणी सांगितलं हुतं शिक्का घेऊन फिरायला? आधीच एक देश सोडून आल्याती ती, आता गावबी सोडायला लावतासा व्हय?"

"मी समजावून येतो."

"जावा. आनि कोट काढून जावा!"

कोट काढून गेलो. मी सरकारचा माणूस नाही, हे पटवायला काहीतरी पुरावा हवा, म्हणून पासपोर्ट नेला. अज्जीनं तो उघडला. आत पानोपानी शिक्के. तिनं तो दोन्ही हातांनी, खाली वाकून परत दिला. दुसऱ्या दिवशी शशीच्या सहीचं टाईप केलेलं पत्र नेलं. ते पाहून नोयनं आतून आणखी एक खोका आणला आणि भांडी भरायला घेतली. मी जितकं समजावीन तितका मोठा साहेब होत चाललो होतो. वैतागून मी नंदाला म्हटलं, "काय करू सांग. पाया पडू?"

"पाया पडला तर म्हणतील हा फारच मोठा साहेब हाय," नंदा म्हणाली. "उद्या सकाळी माझ्याबरोबर रानात चला."

मिरचीचं रान

रान पाहिलं आणि लाज वाटली. काठावर गवती चहा, कोथिंबीर आणि मधे ओळीनं मिरची, लालभडक. खाली गळून पडलेली वेगळीच. माझं आजोळ गडहिंग्लजकडचं. लहानपणी मी असं रान पाहिलं होतं, म्हणजे बांधावर बसून पाहिलं होतं. नंदानं मला टोपली दिली, म्हणाली, "तोडायला लागा," आणि ती नोयला फोन करायला जवळच्या पंपावर गेली. फोनवर तिनं काय सांगितलं ते मला नंतर कळलं: "लवकर ये, साहेब तुमची मिरची तोडतोय!"

अर्ध्या तासात एक जुनी गाडी धुरळा उडवत आली. पुढं अज्जी, मागं नोय. साहेब पीक जप्त करतोय असंच त्यांना वाटलं असणार. अज्जी ओळीतून तरातरा चालत माझ्यापर्यंत आली आणि टोपलीत डोकावली. मग तिनं माझ्या मनगटावर सणसणीत चापट मारली.

"काय म्हणतात त्या?" मी नोयला विचारलं. पण उत्तर मागून नंदानंच दिलं.

"देठ कुठं हाय? काका, बिनदेठाची तोडलासा सगळी! दोन दिवसात कुजून जाईल की!"

अज्जी लाओसच्या भाषेत आणि नंदा मराठीत, दोघी दोन्ही बाजूंनी मला एकाच सुरात झापत होत्या. अज्जीनं एक मिरची तोडून दाखवली, देठ अंगठ्यात धरून, झाडाला धक्का न लावता. मी तशी तोडली. चुकली. परत चापट. आता सूर्य डोक्यावर आला. कोट मी सवयीनं अंगात घातला होताच, तो फेकला. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात आला आणि मी हातानं डोळा पुसला.

त्यानंतरचं मला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. मी ओरडत होतो, एका पायावर नाचत होतो आणि 'पाणी, पाणी' म्हणत होतो. कुणीतरी माझं डोकं खाली दाबून कॅनमधलं पाणी ओतत होतं. डोळा उघडला तेव्हा पाहिलं तर अज्जी. हसून हसून तिचे खांदे हलत होते. पदरासारखं डोक्याला गुंडाळलेलं फडकं तोंडावर धरून ती नोयला काहीतरी म्हणाली.

"म्हणते," नोयनं सांगितलं, "साहेब लोक रडत नाहीत."

संधी हीच, असं वाटलं. फेकलेला कोट उचलला, सेल्वमच्या धास्तीनं खिशातच बाळगलेला शिक्का काढला आणि अज्जीच्या हातात ठेवला. नोयला म्हटलं, "सांग त्यांना, माझ्याकडचा कागद करायचा सगळा अधिकार हा एवढाच. आता तो त्यांच्याकडं." खिशातली त्यांची प्रश्नावलीही काढून दिली.

अज्जीनं शिक्का उलटा करून पाहिला. नखानं अक्षरं चाचपली. मग माझा हात ओढला आणि मनगटावर, जिथं चापट मारली होती तिथंच, दाबला. उरलेल्या शाईत पुसट जांभळं उमटलं: अर्थशास्त्र विभाग.

दुपारी बांधावर बसून जेवलो. बांबूच्या टोपलीतला चिकट भात बोटांनी गोळा करून भाजलेल्या मिरचीच्या ठेच्यात बुडवून खायचा. ठेचा म्हटल्यावर मी हावरटासारखा मोठा घास घेतला, आणि त्यात महिनोन्महिने मुरवलेली मासळी आहे हे घशाखाली गेल्यावर कळलं. दुसरा घास मात्र लहान घेतला. तिसरा मोठा.

मग अज्जीनं प्रश्न विचारायला सुरुवात केली. मुलं किती, पगार किती, घर स्वतःचं का, बायको काय करते, दात खरे का? मी निमूट उत्तरं दिली. शेवटी तिनं विचारलं, बैल?

"आजोबांचे होते," मी म्हटलं. "दोन."

तिनं मान हलवली आणि आणखी भात वाढला.

कुंपण

संध्याकाळी सेल्वम कुंपणाशी उभा होताच. मी त्याला सांगितलं, शिक्का आता माझ्याकडं नाही. कुणाला दिला तेही सांगितलं. तो आधी हसला, मग चिडला. "मिरच्या विकणाऱ्या म्हातारीला?"

"शिक्का असता तरी खोटा दाखला दिला नसता," मी म्हटलं. हे वाक्य पहिल्याच दिवशी, त्याच्या गालिच्यावर बसून बोलायला हवं होतं. त्यानं आठवडाभर वाट पाहिली ती माझ्या त्या 'बघतो'पायी.

त्यानं कुंपणावर कोपर टेकलं. मग म्हणाला, "ती निर्वासित, तिला कुणी परत पाठवू शकत नाही, प्रोफेसर. घरात आठ माणसं, एक गाडी, पण तिला पाठवणार नाहीत. मला पाठवतील. दोन गाड्यांसकट." मग पराठ्यांची एक पुडी त्यानं कुंपणावरून माझ्या हातात दिली. "प्रवासात लागतील."

माझ्या बेचाळीस प्रश्नांत याला रकाना नव्हता. बैलांना होता.

राजारामपुरी

परत येऊन व्याख्यान दिलं. दोन घरांपैकी एकाचा कागद मी देऊन टाकला होता आणि दुसऱ्यावर लिहिलेलं सगळं खोटं होतं, त्यामुळं जे घडलं तेच सांगितलं. लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त मामलेदारांनी उठून विचारलं, "पावणं, ते सगळं खरं, पन तौलनिक अभ्यास कुठाय?"

महिन्याभरानं नंदाचं पाकीट आलं. सेल्वमला सिंगापूरला नोकरी लागली होती. घर रिकामं झालं, पण गालिचा तो नंदाकडं ठेवून गेला, परत आलो तर म्हणून. पाकिटात घडी घातलेली एक तपकिरी कागदी पिशवीही होती. शनिवारच्या बाजारात अज्जीची मिरची आता अशा पिशव्यांतून मिळते. प्रत्येक पिशवीवर मधोमध, जांभळ्या शाईत, आमच्या विभागाचा गोल शिक्का. गिऱ्हाईकं विचारतात हे काय लिहिलंय, तर नोय सांगते, माल चांगला आहे असं लिहिलंय.

ती पिशवी घेऊन मी प्राचार्यांकडं गेलो. त्यांनी ती उलटून पाहिली, आत डोकावून वास घेतला, शिंकले आणि हेडक्लार्कला म्हणाले, "सरांना नवीन शिक्क्याचा फॉर्म द्या."

हेडक्लार्कनी फॉर्म पुढं सरकवला. जुना शिक्का हरवला, झिजला की मोडला? नको असेल ते खोडा. "तीनपैकी एक ठेवा, सर," ते म्हणाले. "चौथं चालत न्हाय."

मी तिन्ही खोडली आणि खाली लिहिलं: वापरात आहे.